टरफलातल्या तेलाचा रेणू

१८ नोव्हेंबर, सोमवार

मुलाखतीचं बोलावणं आलं. जानेवारीत, दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत, सहायक प्राध्यापकाची जागा. बातमी सांगायला घरात एकच माणूस, आई. तिच्या खाटेशी बसून सांगितलं, तर तिने डावा हात माझ्या गालाला लावला. उजवा हात आणि उजवा पाय ऑगस्टमधल्या झटक्यापासून तिचं ऐकत नाहीत. बोलणंही तुटक झालंय. "बरां," एवढंच म्हणाली, पण दोनदा म्हणाली.

तिच्यासाठी म्हणून पुण्याहून आठ दिवसांकरता आले होते ती अजून वेंगुर्ल्यातच आहे. कौस्तुभ, माझा नवरा, तिकडे एकटा. जमेल तसा येऊन जातो. माझं काम मात्र इथून चालतं. खरं गणित होतं ते संस्थेच्या मोठ्या संगणकावर, पुण्यात. मी पडवीत लॅपटॉप घेऊन बसते, कारण रेंज तिथेच येते, आणि तिकडे हुकूम सोडते. इथली लाइट गेली तरी तिथलं काम थांबत नाही.

ही शेवटची संधी आहे. पीएच.डी.नंतर एका कंत्राटावरून दुसऱ्या कंत्राटावर उड्या मारता मारता चाळिशी आली. पुढच्या वर्षी वयाची अट ओलांडेन.

२० नोव्हेंबर

मुलाखतीत कोणीतरी म्हणणारच, सोप्या शब्दांत सांगा. म्हणून इथेच सराव करते.

काजूच्या टरफलात तेल असतं. ते लागलं की कातडी भाजते, काळी पडते, सोलते. माझ्या आईने कारखान्यात आयुष्यभर काजू फोडले. तिच्या पेरांवर ते डाग अजून आहेत. तेलाचा रेणू कातडीच्या वरच्या थरातल्या चरबीत शिरतो म्हणून असं होतं. मी संगणकात एक इवलीशी पेटी बांधते. तिच्यात पाणी, चरबीच्या रेणूंचा पातळ पडदा आणि पडद्याबाहेर तेलाचा एक रेणू. कुठला अणू कुठल्या अणूला किती ओढतो, किती ढकलतो ते संगणक मोजतो, सगळ्यांना केसभर हलवतो, पुन्हा मोजतो. असं दिवसचे दिवस चाललं की खऱ्या जगातला एक क्षण पुरा होतो, तोही पापणी लवण्यापेक्षा कितीतरी लहान. तेवढ्यात रेणू काय करतो ते बघायचं.

आणि माझा शोध असा: मी निवडलेल्या एका साध्या पदार्थाचा थर त्या पडद्यावर पसरला तर तेल बाहेरच राहतं. आत जायला त्याला इतकी उंच भिंत चढावी लागते की ते चढतच नाही. उद्या यातून हाताला लावायचं मलम होऊ शकेल. पुण्यातल्या माझ्या मार्गदर्शक सरांनी आणि मी हा लेख सप्टेंबरात पाठवलाय. मुलाखत त्याच्याच जोरावर.

वाचून बघितलं. बरं जमलंय.

२९ नोव्हेंबर

लेख तपासणाऱ्यांची एकच मागणी आली: गणित आणखी लांबवून दाखवा. सर फोनवर म्हणाले, दुप्पट कर आणि पाठवून दे, औपचारिकता आहे. लगेच लावून दिलं.

८ डिसेंबर, रविवार

निकाल आला. भिंत आहे, पण थोडी खाली आली. एवढा फरक चालायचाच. मोजण्यातली थरथर असते, सगळ्यांच्याच कामात असते.

मथुरा काकी ताजी मासळी, सौंदाळे, घेऊन आल्या. त्या आणि आई कारखान्यात शेजारी शेजारी बसायच्या. आता रोज येऊन आईची वेणी घालतात. आईने एक नवं शिकून घेतलंय: काही हवं असलं की डाव्या हाताने स्टीलचा पेला खाटेच्या दांडीवर आपटायचा. मथुरा काकी म्हणतात, कारखान्यातला भोंगा परत आला.

१७ डिसेंबर

उगाच मनाला चैन पडेना म्हणून गणित आणखी लांबवलं. भिंत आणखी खाली. पहिल्यापेक्षा निम्मी असेल नसेल.

कौस्तुभने फोनवर विचारलं, आवाज असा का? मी म्हटलं, सुरुवातीची मांडणी वाईट पडली असणार. रेणू आधी कुठे ठेवला यावर बरंच अवलंबून असतं. नवी मांडणी करून पुन्हा सुरू केलंय. त्याला हे कळत नाही, पण "हो, असेल," म्हणाला.

२६ डिसेंबर

नव्या मांडणीची भिंत सुरुवातीला चांगली उंच होती. मला इतका आनंद झाला की आईला उचलून खुर्चीत बसवलं आणि खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उन्हाला नेलं. दुपारपर्यंत तीही उतरायला लागली. पहिली जिथे पोचली तिथेच ही निघालीय.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, आधी होतं तेवढ्यावर थांब. या क्षेत्रात सगळे तेवढंच चालवतात, तू काही वेगळं करत नाहीयेस. ते खरंच आहे. तरी थांबवायला हात होईना. एकदाच आणखी. मग खात्री होईल आणि मी निश्चिंतपणे मुलाखतीला जाईन.

४ जानेवारी, शनिवार

रेणू आत गेला.

लॅपटॉपवर पुन्हा पुन्हा पाहिलं. तो बराच वेळ वर नुसता पडून होता. मग त्याची लांब शेपटी हळूच चरबीच्या शेपट्यांमध्ये सरकली, आणि मागून सगळा रेणू. माझ्या पदार्थाचे रेणू बाजूला झाले, त्याला वाट दिली आणि परत मिटले. ढकलाढकल नाही, काही नाही. जसा काही तो त्याच घरचा होता.

भिंत कधी नव्हतीच. पहिल्या वेळी आम्ही पुरेसे थांबलो नव्हतो, एवढंच.

आई पेला आपटत होती. तिची पेज चुलीवरच राहिली होती, करपली.

६ जानेवारी

सरांशी बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रसिका, मुलाखतीत हे काढायचं नाही. जागा मिळू दे, लेखाचं मग बघू."

मी म्हटलं, कोणी विचारलं तर?

"कोणी विचारणार नाही. तू उत्तर द्यायला एवढी उतावीळ का?"

रागावले नव्हते. माझ्या भल्याचंच सांगत होते, त्याचाच जास्त त्रास झाला. सर वाईट माणूस नाहीत. माझ्या प्रत्येक कंत्राटासाठी त्यांनी शब्द टाकलाय.

१६ जानेवारी, गुरुवार

परतीच्या गाडीत लिहितेय, अक्षर हलतंय.

भिंतीचं चित्र दाखवेपर्यंत सगळं छान चाललं होतं. समोर पाच जण. टोकाला एक वयस्कर बाई, त्यांनी एकदाही मान वर केली नव्हती. त्या म्हणाल्या, "हे किती लांब चालवलंत?" लेखातला आकडा मला पाठ होता. तो सांगून मोकळी झाले असते.

मी म्हटलं, लेखात आहे त्याच्या कितीतरी पट पुढे चालवलंय, आणि पुढे ही भिंत राहत नाही. रेणू आत जातो.

मग अध्यक्षांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "मग आज तुमच्या हातात काय आहे?"

"सध्या काही नाही," मी म्हटलं.

त्यांनी आभार मानले. बाहेर कॉफी ठेवली होती. मी ती प्याले, बिस्किटही खाल्लं. कशी खाऊ शकले कोण जाणे.

कौस्तुभला स्टेशनवरून फोन केला. तो म्हणाला, "त्याच दिवशी सांगायला हवं होतं का गं?" मला काही मोठं केल्यासारखं वाटत नाही. तोंडातून निघून गेलं.

२४ जानेवारी

नकार आला. दोन ओळी.

सरांनाही बातमी पोचली होती, मुलाखतीतलं सगळं. लेख मागे घ्यावा लागला. माझं कंत्राट फेब्रुवारीअखेर संपतंय आणि पुढे नाही. ते म्हणाले, "मला तुझ्यासाठी आता कोणापाशी तोंड राहिलं नाही." हे मात्र दुखावून म्हणाले.

आईला काही सांगितलं नाही. तिने विचारलं, "नोकरी?" मी म्हटलं, अजून कळलं नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

वर्गातली पहिली. मग कॉलेजातली, मग विद्यापीठातली पहिली. कारखान्यातल्या बायका आईला म्हणायच्या, तुझा चेडू सायंटिस्ट होतला. झाले. इतकी वर्षं पेटीत पाणी भरलं आणि रेणू मोजले. आता कोणी विचारलं काय करतेस, तर काय सांगायचं?

६ फेब्रुवारी

झोप येत नाही. जेवण घशाखाली उतरत नाही. आवडीनिवडीचा प्रश्न नाही, भाताला चवच लागत नाही. पडवीत बसते, लॅपटॉप उघडत नाही.

आई हल्ली फार हट्टी झालीय. मी परसात गेले की पेला. न्हाणीत गेले की पेला. धावत यावं तर म्हणते, "चाय." चहा करून द्यावा तर नुसता धरून बसते, थंड होतो, तोंडाला लावत नाही. आज तिच्यावर ओरडले. ती माझ्याकडे बघत राहिली.

१२ फेब्रुवारी

कामं आवरतेय. आईच्या गोळ्या कुठली कधी द्यायची ते मथुरा काकींना नीट शिकवायला घेतलं. पांढरी सकाळची, गुलाबी जेवणावर, एवढं सोपं. त्यांना जमतच नाही. प्रत्येक वेळी उलट सांगतात. वाडीतलं कुठलं पोर कुठल्या साली कुठल्या वारी जन्मलं हे ज्या बाईला तोंडपाठ, तिच्या डोक्यात चार गोळ्या बसत नाहीत. शेवटी म्हणाल्या, "माका नाय जमणा गो. ह्या तुझा काम, तूच कर." आणि उठून गेल्या. वय झालं त्यांचं.

माझ्या चांगल्या साड्या त्यांच्या सुनेला देऊन टाकल्या. इथे कुठे नेसणार? संध्याकाळी मथुरा काकींनी सगळं बोचकं परत आणून टाकलं, सुनेला रंग आवडले नाहीत म्हणे. बँकेचं, विम्याचं सगळं कौस्तुभला समजावून सांगितलं. तो म्हणाला, आत्ता हे कशाला? मी म्हटलं, माहीत असलेलं बरं.

सगळं मार्गी लागलं की हलकं वाटेल.

१५ फेब्रुवारी

दुपारी आई झोपलीय असं पाहून खाली समुद्राकाठच्या खडपांवर गेले. भरती चढत होती. अगदी टोकाच्या कातळावर बसले. तिथे कोणी नसतं, काही विचारत नाही, ते बरं वाटलं.

थोड्या वेळाने बघते तर मागे मथुरा काकी, हातात टोपली आणि कोयता. म्हटलं, इथे काय करताय? म्हणाल्या, "कालवां काढूक इलंय." टोपली रिकामी होती. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या, साडी भिजली, तरी हलेनात. शेवटी मलाच वैताग आला आणि उठून घरी आले. त्याही मागोमाग आल्या. एक कालव मिळालं नव्हतं.

जरा एकटं बसू म्हटलं तर तेवढंही मिळत नाही.

१९ फेब्रुवारी

काही नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज घडलं ते जमेल तसं लिहिते.

दुपारी निघाले. आईला पेज भरवली, तोंड पुसलं, केस सारखे केले. पेला तिच्या हाताला लागणार नाही असा फळीवर ठेवला. मथुरा काकी बाजारात गेल्या होत्या, ते मी बघून ठेवलं होतं. मनात काय होतं ते इथेही लिहवत नाही.

बेड्याच्या फाटकाबाहेर पडून पाणंदीच्या वळणापर्यंत गेले असेन. मागून काहीतरी धप्प पडल्याचा आवाज आला. मग आईचा आवाज. शब्द नव्हता तो. गुरासारखा हंबरडा.

धावत परत आले. आई खळ्यात पडली होती. खाटेवरून उतरून, माजघर, ओटी, पायऱ्या, सगळं एका हातापायावर ओढत ती तिथपर्यंत आली होती. कोपर सोललं होतं, लुगड्याला माती लागली होती. डॉक्टरांनी तिला आधाराशिवाय उभंही राहू नको म्हणून बजावलंय. मी तिच्यावरच चिडले. कशाला उतरलीस, हाड मोडलं असतं तर, असं काय काय बोलत तिला उचलायला वाकले.

तिने माझं मनगट धरलं. त्या डाव्या हाताने तिने आयुष्यभर लाकडी दांडक्याखाली काजू घट्ट धरलेत, मला तो सोडवता येईना.

"माका... ठावक आसा," ती म्हणाली. "कधीपासून... ठावक आसा."

मी म्हटलं, काय ठाऊक आहे आये?

"बस हंय."

"तुला आत नेते, मग बसू."

"हंय. बस."

खळ्यात बसले, मातीत, तिच्या शेजारी. तिने मनगट सोडलं नाही. मग मी रडायला लागले. मुलाखतीनंतर एकदाही रडले नव्हते. तिला सगळं सांगितलं, रेणूचं, भिंतीचं, सरांचं, नोकरी नाही मिळाली ते. तिला किती कळलं माहीत नाही. ती मधूनच "हां" म्हणत होती आणि वाट बघत होती, अजून आहे का म्हणून. सगळं सांगून संपलं तेव्हा मथुरा काकी बाजारातून येऊन बेड्यात उभ्या होत्या. मासळीची पिशवी तिथेच टाकून त्या आल्या आणि माझ्या दुसऱ्या बाजूला बसल्या.

मला तेव्हा कुठे उमगलं. भरतीला कालवं मिळत नाहीत. खडपं पाण्याखाली असतात. लहानपणापासून मला हे माहीत आहे. त्यांना तर आहेच.

"आवशीन सांगल्यान होता," मथुरा काकी म्हणाल्या. "म्हणाली, 'चेडवार नजर ठेव.' बोलणा फुटना नाय तिचा, पण ताच सांगी. रोज."

आम्ही दोघींनी आईला उचलून आत नेलं. कोपराला हळद लावली. संध्याकाळी मथुरा काकींनी दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या काढून ठेवल्या. मी बघत होते. पांढरी, मग गुलाबी. एकही चुकली नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

कौस्तुभ सकाळीच दारात. मथुरा काकींनी त्याला कळवलं होतं, कालच नव्हे, गेल्या आठवड्यापासून. तो रजा मिळवायच्या खटपटीत होता. मला वाटत होतं, त्याला माझा कंटाळा आलाय.

आल्यावर त्याने काही विचारलं नाही. अंगणात बसून कुळथाची पिठी आणि भात खाल्ला. मग म्हणाला, "तो रेणू आत कसा गेला ते मला दाखव." म्हटलं, कशाला आता? "मला कधी नीट समजलंच नाही," म्हणाला, "मी नुसता हो हो करायचो."

लॅपटॉप उघडला. संस्थेचं खातं आठवडाभरात बंद होईल, पण चित्रफीत माझ्याकडे होती. शेपटी आधी कशी जाते ते दाखवलं, आणि पहिल्या गणितात आम्ही कुठे थांबलो तेही. खूप बोलले. बऱ्याच दिवसांनी एवढं बोलले. त्याने पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. आई खाटेवरून मान वळवून बघत होती. मधेच स्वतःच्या बोटांकडे बघून म्हणाली, "तां आत जाताच."

कामाचं पुढे काय, ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही. कुडाळच्या एका कॉलेजात तासावर शिकवणारं कोणी हवंय असं कौस्तुभने कुठूनसं ऐकलंय. मी ऐकून घेतलं. विचार केला की छातीवर दगड बसतो, तो अजून तसाच आहे. काल रडले म्हणून तो गेला नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ओरोसला जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. मी आधी नाही म्हटलं. वाडीत कळलं तर लोक काय म्हणतील? मथुरा काकी म्हणाल्या, आवशीक झटको इलो तेव्हा डॉक्टरकडे न्हेलंस मा, तेव्हा कोण काय बोललो?

सकाळी कौस्तुभने गाडी काढली. मी आईच्या खोलीत गेले. रात्री थोडी झोप लागली होती, पण पाय जड होते, साडी नेसायलाही बराच वेळ लागला. आई टेकून बसली होती, कोपराला पट्टी. मथुरा काकी तिचे केस विंचरत होत्या.

आमच्याकडे घरातून निघताना कोणी 'जाते' म्हणत नाही. बाजाराला निघालेलं माणूसही 'येतंय' म्हणतं. मी आईच्या पायांना हात लावला आणि सवयीने म्हणाले, "येतंय गो आये."

आईने ते तसं जाऊ दिलं नाही. मथुरा काकींचा फणी धरलेला हात तिने बाजूला केला आणि माझ्याकडे बघून विचारलं,

"खरां?"

गाडीचा हॉर्न वाजला. ती थांबून राहिली होती. मला उत्तर द्यायला वेळ लागला, कारण तिला खोटं सांगायचं नव्हतं.

"खरां," मी म्हटलं.